स्मार्ट सिटीचे पैसे आले, खर्चही झाले. आता रोजचं बिल कोण भरणार?

३१ मार्च २०२५ रोजी देशातलं स्मार्ट सिटी मिशन अधिकृतपणे संपलं. तुम्हाला कळलं होतं का? बहुतेक नाही. ना कुठे ब्रेकिंग न्यूज झाली, ना कुठे समारोपाचा सोहळा. दहा वर्षांपूर्वी मात्र चित्र अगदी वेगळं होतं.

२५ जून २०१५ला पंतप्रधान नरेंद्र मोदींनी ही योजना जाहीर केली. देशातल्या शहरांची चक्क स्पर्धा लावली गेली. कोणता प्रस्ताव भारी, त्यानुसार गुण आणि गुणांनुसार नंबर. २८ जानेवारी २०१६ला पहिल्या २० शहरांची यादी आली. भुवनेश्वर पहिलं, पुणे दुसरं, आणि सोलापूर नववं. त्या दिवशी पुणेकरांनी 'दुसरे का आलो' यावर वाद घातला नसता तरच नवल. त्याच वर्षी योजनेच्या पहिल्या वाढदिवशी स्वतः पंतप्रधान बालेवाडीच्या क्रीडासंकुलात आले आणि १४ प्रकल्पांची सुरुवात झाली.

पुढे टप्प्याटप्प्याने यादी वाढत जून २०१८मध्ये १०० शहरं पूर्ण झाली. महाराष्ट्रातून पुणे, सोलापूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नागपूर, तेव्हाचं औरंगाबाद आणि पिंपरी-चिंचवड अशी आठ. गोव्यातून पणजी. काम पाच वर्षांत संपवायचं ठरलं होतं. मग मुदत जून २०२३पर्यंत वाढली, मग जून २०२४, मग मार्च २०२५. दहावीच्या मुलालाही इतक्या पुरवण्या कोणी देत नाही.

आता योजना संपली म्हटल्यावर साहजिक प्रश्न येतो: पैसे कुठे गेले? सोशल मीडियावर याची दोनच उत्तरं फिरतात. एक, 'सगळे खाल्ले'. दोन, '९४ टक्के काम पूर्ण, भारत बदलतोय'. दोन्हीकडे एक गोष्ट सुटते. ती गोष्ट तुमच्या घरपट्टीशी जोडलेली आहे, म्हणून हा लेख.

९४ टक्के, पण कशाचे?

केंद्र सरकारच्या मे २०२५च्या माहितीनुसार एकूण ८,०६७ प्रकल्पांपैकी ९४ टक्के पूर्ण झाले आहेत. सगळ्या प्रकल्पांची मिळून किंमत सुमारे १ लाख ६४ हजार कोटी रुपये. केंद्राने द्यायचे ठरवलेले ४८ हजार कोटी जवळपास सगळे दिले गेले. हे आकडे खोटे नाहीत.

पण टक्केवारी बघताना नेहमी खालचा आकडा बघायचा असतो. हे टक्के कशाचे काढलेत?

स्पर्धेत नंबर मिळवताना १०० शहरांनी मिळून जी स्वप्नं कागदावर मांडली होती, त्यात ५,१५१ प्रकल्प होते आणि त्यांची किंमत होती २ लाख ५ हजार कोटी. म्हणजे मधल्या काळात प्रकल्पांची संख्या तीन हजारांनी वाढली आणि एकूण रक्कम मात्र ४१ हजार कोटींनी घटली. भागाकार करून बघा. सुरुवातीला एका प्रकल्पाची सरासरी किंमत होती जवळपास ४० कोटी. शेवटी ती उरली २० कोटी.

असं का झालं? मोठी, किचकट, जमीन लागणारी, विरोध होणारी कामं गळत गेली. त्यांच्या जागी छोटी, पटकन निविदा निघणारी, फीत कापता येणारी कामं आली. उद्यान, एलईडी दिवे, सुशोभित चौक, 'आय लव्ह' अमुकतमुक असं लिहिलेला सेल्फी पॉइंट. पेपर सोपा केला की निकाल चांगला लागतो, तसंच काहीसं.

नाशिकचं उदाहरण घ्या. मखमलाबाद-हनुमानवाडी भागात शेकडो एकरांवर नव्याने आखीव शहर वसवायचं, असा तिथला मोठा प्रस्ताव होता. जमीनमालक शेतकऱ्यांनी विरोध केला आणि तो अडकला. लोकांच्या लक्षात राहिला तो मात्र अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा सुमारे १.१ किलोमीटरचा 'स्मार्ट रोड'. मुदत उलटून गेली तरी तो खणलेलाच होता, आणि नाशिककरांनी त्यावर केलेले विनोद अजूनही सापडतील.

मुळात पैसे होते किती?

'स्मार्ट सिटीला हजारो कोटी आले' हे वाक्य तुम्ही कोणत्या तरी सभेत ऐकलं असेलच. आता जरा गणित.

केंद्राचे ४८ हजार कोटी, १०० शहरांत वाटून. म्हणजे एका शहराला जास्तीत जास्त ५०० कोटींच्या आसपास. तेवढेच पैसे राज्य सरकार आणि महापालिकेने मिळून घालायचे. असे एका शहरामागे साधारण हजार कोटी, आणि तेही बरीच वर्षं मिळून.

हे मोठे वाटतात, पण कशाच्या तुलनेत? पुणे महापालिकेचं २०२५-२६चं एका वर्षाचं अंदाजपत्रक आहे सुमारे १२,६०० कोटींचं. त्यापुढे केंद्राकडून दहा वर्षांत आलेली सगळी रक्कम मांडली तर ती भरते जेमतेम ४ टक्के. ज्या योजनेच्या नावाने दशकभर फ्लेक्स लागले, तिच्यात दिल्लीहून आलेला पैसा एवढाच होता.

अर्थात, सोलापूरसारख्या लहान महापालिकेसाठी हीच रक्कम खूप मोठी होती. तिथे आपण येऊच.

तर मग २ लाख कोटींची स्वप्नं कोणाच्या भरवशावर पाहिली होती? कागदावरचा हिशोब असा होता: सुमारे ४५ टक्के पैसे केंद्र-राज्याच्या मिशन निधीतून. २१ टक्के इतर सरकारी योजनांचे पैसे या कामांकडे वळवून. आणखी साधारण २१ टक्के खासगी कंपन्यांच्या भागीदारीतून, म्हणजे पीपीपी. पाचेक टक्के कर्जातून. उरलेले शहरांनी स्वतःच्या कमाईतून वगैरे उभे करायचे.

केंद्राचा पैसा म्हणजे विरजण. ते थोडंच असतं, पण दुधाला लागलं की दही जमतं. सरकारी पैसा पाहून खासगी गुंतवणूकदार येतील, बँका कर्ज देतील, शहरं रोखे काढतील, अशी कल्पना.

दही जमलं नाही. खासगी भागीदारीतून ४१ हजार कोटींच्या आसपास अपेक्षित होते. सरकारच्याच आकडेवारीनुसार प्रत्यक्षात दोनशेहून थोडे जास्त प्रकल्प आणि सुमारे १० हजार कोटी इथपर्यंत मजल गेली. निम्म्या शहरांत तर पीपीपीचं खातंही नीट उघडलं नाही.

यात नवल वाटण्यासारखं काही नाही. खासगी कंपनी पैसे घालते ते परत मिळवायला. वाहनतळातून पैसे सुटतात, जाहिरातीच्या फलकातून सुटतात. गटारातून, फुटपाथमधून, पावसाळी नाल्यातून कसे सुटणार? जागतिक बँकेने नोव्हेंबर २०२२च्या अहवालात म्हटलं होतं की भारतातल्या शहरांच्या पायाभूत सुविधांपैकी फक्त ५ टक्के खासगी पैशातून उभ्या राहतात. योजना आखताना हे वास्तव कोणाला ठाऊक नव्हतं, असं मानणं कठीण आहे.

महापालिका होती ना, मग कंपनी कशाला?

पैशापेक्षा महत्त्वाचा आहे तो पैशाचा रस्ता.

स्मार्ट सिटीचे पैसे महापालिकेच्या नेहमीच्या कारभारातून गेले नाहीत. प्रत्येक शहरात कंपनी कायद्याखाली एक नवी कंपनी काढावी लागली. सरकारी भाषेत तिला एसपीव्ही म्हणतात. तिचे निम्मे शेअर राज्य सरकारचे आणि निम्मे महापालिकेचे. तिला स्वतंत्र सीईओ, स्वतंत्र संचालक मंडळ. प्रकल्प मंजूर करणं, निविदा काढणं, ठेका देणं, सगळं कंपनीने करायचं.

यामागचा युक्तिवाद अगदीच फोल नव्हता. महापालिकेत एखादा विषय आधी स्थायी समितीकडे, मग सर्वसाधारण सभेकडे, मग कोणीतरी उपसूचना मांडणार, कोणीतरी तहकुबी मागणार. यात वर्षं जातात. आणि 'टक्केवारी' हा शब्द महापालिकेच्या संदर्भात का वापरला जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा एक चपळ कंपनी काढा आणि काम उरका, असा विचार.

विरोध तेव्हाच झाला होता. नवी मुंबई महापालिकेच्या सभागृहाने २०१५मध्ये, मुख्यतः या कंपनीच्या मुद्द्यावरून, प्रस्तावच फेटाळला आणि हे शहर स्पर्धेतून बाहेर पडलं. पुण्यात सर्वसाधारण सभेने विषय पुढे ढकलला, तेव्हा राज्य सरकारने निर्देश देऊन सभा घ्यायला लावली. मग लांबलचक चर्चेनंतर उपसूचनांसह तो मंजूर झाला. नगरसेवकांचा आक्षेप स्वार्थाचा होता की तत्त्वाचा? दोन्हीचा असेल. पण आक्षेपात तथ्य होतं. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने शहराचा कारभार निवडून आलेल्या लोकांकडे द्यायचा असं ठरवलं. इथे शहराबद्दलचे मोठे निर्णय अशा खोलीत गेले जिथे महापौर आणि काही पदाधिकारी संचालक म्हणून बसले तरी एकूण निवडून आलेली माणसं अल्पमतात होती.

आणि मग २०२२ उजाडलं. त्या मार्चमध्ये पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, ठाणे, सोलापूर इथल्या महापालिकांची मुदत संपली. औरंगाबाद आणि कल्याण-डोंबिवलीची तर २०२०मध्येच संपली होती. निवडणुका प्रभागरचना, आरक्षण आणि न्यायालयीन खटल्यांत अडकल्या. त्या झाल्या थेट जानेवारी २०२६मध्ये.

म्हणजे महाराष्ट्रातल्या आठही स्मार्ट शहरांत योजनेची शेवटची तीन वर्षं एकही नगरसेवक पदावर नव्हता. कंपनीत अधिकारी, महापालिकेत प्रशासक. प्रश्न विचारायला जायचं तर कोणाकडे? कंपनीचा सीईओ म्हणणार बदलून आलोय, प्रशासक म्हणणार कंपनी वेगळी आहे. योजना आखणाऱ्यांनी हे ठरवून केलं नव्हतं, पण कंपनीच्या मॉडेलने जी वाट मोकळी केली ती निवडणुका लांबल्याने हमरस्ता झाली.

एकाच शहरात दोन शहरं

स्मार्ट सिटी म्हणजे अख्खं शहर स्मार्ट होणार, असं बहुतेकांना वाटलं होतं. नियमावलीत तसं नव्हतंच. शहरातला एक तुकडा निवडायचा आणि बहुतांश पैसा तिथे ओतायचा. उरलेल्या शहराला ट्रॅफिक सिग्नल, सीसीटीव्ही, अॅप अशा 'सगळ्यांसाठीच्या' गोष्टी.

पुण्याने निवडला औंध-बाणेर-बालेवाडी. सुमारे ९०० एकर, म्हणजे साडेतीन-पावणेचार चौरस किलोमीटर. त्यावेळी पुणे महापालिकेची हद्द होती साधारण २४४ चौरस किलोमीटर. म्हणजे शहराचा दीड टक्का भाग. तोही असा, जिथे आयटीवाले राहतात, सोसायट्या आहेत, घरांचे भाव आधीच चढे आहेत. औंधचा फुटपाथ खरंच सुंदर झाला, यात वाद नाही. चालायला मोठी जागा, बसायला बाकं, झाडं तशीच ठेवलेली. पण येरवड्यातल्या किंवा जनता वसाहतीतल्या माणसाने हा फुटपाथ पाहायला बस करून यायचं का?

यालाही एक उत्तर दिलं जायचं: एका भागात नमुना तयार होईल, मग बाकी शहर ते उचलेल. नमुना तयार झाला, पण उचलायला लागणारा पैसा आणि यंत्रणा महापालिकेकडे होती का, हा प्रश्न नमुन्यात धरलेलाच नव्हता.

नागपूरने उलट रस्ता धरला. पूर्वेकडचा पारडी, भरतवाडा, पुनापूर, भांडेवाडी हा मागास पट्टा निवडला, सुमारे १,७३० एकर. कागदावर हा निर्णय पुण्यापेक्षा न्याय्य होता. पण अशा भागात रस्ता रुंद करायचा म्हणजे घरं हटवायची, भूसंपादन, पुनर्वसन, मोबदला. कामं रेंगाळली. जिथे गरज जास्त तिथे काम अवघड, आणि जिथे काम सोपं तिथे गरज कमी. दिलेल्या मुदतीत पैसे खर्च करायचे म्हटलं की अधिकारी कुठे वळणार, हे वेगळं सांगायला नको.

पणजीत तर तुकडाही छोटा आणि शहरही छोटं. तिथे मलनिस्सारण, रस्ते, केबल अशी सगळी कामं मुदतीच्या धाकाने एकाच वेळी निघाली. २०२३-२४मध्ये अख्खी पणजी खणलेली होती. धुळीने लोक हैराण झाले, उघड्या चरांमध्ये अपघात झाले, एका तरुणाचा जीव गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेलं, आणि एप्रिल २०२४मध्ये खुद्द न्यायमूर्तींनी रस्त्यावर उतरून कामांची पाहणी केली. शहराचं काम नीट चाललंय का हे पाहायला न्यायाधीशांना जावं लागलं, यावरून तिथला बाकीचा कारभार कुठवर आला होता ते कळतं.

सोलापूरचा नळ

या सगळ्यात मला सर्वात जास्त सोलापूर महत्त्वाचं वाटतं. कारण तिथे प्रश्न सरळ आहे.

सोलापूरला पाणी मुख्यतः उजनी धरणातून येतं, सुमारे ११० किलोमीटरवरून. धरण मोठं आहे, पण पाणी आणणारी वाहिनी अपुरी. म्हणून वर्षानुवर्षं शहरात चार-पाच दिवसांनी एकदा नळाला पाणी. घराघरात पिंप, टाक्या, बॅरल. पाण्याच्या दिवशी कामावर खाडा. त्या शहराला दुसरी समांतर जलवाहिनी हवी होती, १७० एमएलडीची, म्हणजे दिवसाला १७ कोटी लिटर पाणी आणणारी. ती स्मार्ट सिटीच्या पैशातून आणि एनटीपीसीच्या वाट्यातून करायची ठरली.

मग काय झालं? ठेका दिला, वाद झाला, ठेकेदार बदलला, नव्याने निविदा, वाढीव खर्च. पाच वर्षांची मुदत कधीच उलटून गेली. त्याच काळात शहरात स्मार्ट रस्ता झाला, सिद्धेश्वर तलावाच्या परिसराचं सुशोभीकरण झालं, मैदानांची कामं झाली.

सोलापूरकरांना तलाव सुंदर नको होता असं नाही. पण तुमच्या घरी चार दिवसांनी पाणी येत असेल, आणि तुम्हाला विचारलं असतं की ५०० कोटी आलेत, आधी काय करू, तर तुम्ही काय सांगितलं असतं? हा क्रम कोणी ठरवला आणि कुठे ठरला, याचं उत्तर शोधायला गेलं की आपण पुन्हा त्या कंपनीच्या दारात येतो.

छत्रपती संभाजीनगरमध्ये मात्र एक वेगळी गोष्ट घडली, तीही सांगायला हवी. तिथल्या कंपनीने २०१९पासून शहर बससेवा सुरू केली. ज्या शहरात धड बस नव्हती तिथे शंभरेक नव्या बस आल्या. विद्यार्थी, कामगार, बायका रोज त्यातून जातात. अॅप किंवा डॅशबोर्डपेक्षा कितीतरी अधिक 'स्मार्ट' असं हे काम. पण शहर बस जगात जवळपास कुठेच नफ्यात चालत नाही. डिझेल, ड्रायव्हर-कंडक्टरचे पगार, दुरुस्ती, टायर. केंद्राचा निधी बस घ्यायला चालतो. ती रोज चालवायला येणारी तूट शहरानेच सोसायची. निधी संपल्यावर या बसचं पुढे काय, हा प्रश्न चांगल्या कामालाही सुटलेला नाही.

वस्तू घेतली, चालवणार कोण?

इथेच घरपट्टीचा मुद्दा येतो.

सरकारी योजनांचा पैसा बहुतेक वेळा बांधायला मिळतो, सांभाळायला नाही. शंभरही शहरांत कमांड अँड कंट्रोल सेंटर उभी राहिली. भिंतभर स्क्रीन, त्यावर चौकाचौकातले कॅमेरे. देशभरात या योजनेतून ८४ हजारांहून अधिक सीसीटीव्ही लागले. कोविडच्या काळात हीच केंद्रं वॉर रूम म्हणून वापरली गेली. खाटा, रुग्णवाहिका, रुग्णांची यादी तिथून हलायची. तो उपयोग खरा होता.

पण कॅमेऱ्याचं आयुष्य किती? सात-आठ वर्षं धरा. सॉफ्टवेअरचा परवाना दरवर्षी नवा करावा लागतो. फायबर केबल कोणीतरी खणून तोडतंच. सर्व्हरला चोवीस तास वीज आणि एसी लागतो. स्क्रीनसमोर बसायला माणसं लागतात, तीन पाळ्यांत. २०१८मध्ये लावलेली यंत्रणा आत्ता, बरोबर आत्ता, बदलायला आली आहे. ती बदलायला आता स्मार्ट सिटीचा निधी नाही.

कंपनीने स्वतः कमवावं, असं मूळ नियमावलीत अपेक्षित होतं. वापरशुल्क, भाडं, जाहिराती. किती कंपन्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या ते सरकारच्या पुढच्या पावलावरून दिसतं: जून २०२५मध्ये केंद्राने राज्यांना सूचना दिली की या कंपन्या आणि कमांड सेंटर बंद करू नका, त्यांना दुसरं काम द्या. सल्लागार म्हणून वापरा, इतर योजना राबवायला द्या. मूळ काम संपलं, संस्था उरली. आता संस्थेसाठी काम शोधा.

पुणेकरांना सार्वजनिक सायकली आठवत असतील. २०१७च्या अखेरीस आल्या, पिवळ्या, हिरव्या, निळ्या. एका अॅपवर कुलूप उघडायचं आणि निघायचं. दोनेक वर्षांत जवळपास सगळ्या गायब. गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणाऱ्या कंपन्या होत्या, पैसा आटला आणि त्या गेल्या. तिथे किमान महापालिकेवर बिल आलं नाही. कॅमेरे, सिग्नल आणि बस यांचं तसं नाही. त्या आपल्या आहेत. बंद पडल्या तरी आपल्या, आणि चालवल्या तर खर्चही आपला.

आणि महापालिकेचा खिसा?

हा भाग फारसा चर्चेत येत नाही. २०१५च्या जूनमध्ये स्मार्ट सिटी योजना आली. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून महाराष्ट्रात ५० कोटींपेक्षा कमी वार्षिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, रद्द झाला. जकात आधीच गेली होती, फक्त मुंबईत शिल्लक होती. २०१७मध्ये जीएसटी आला आणि उरलासुरला एलबीटी आणि मुंबईची जकात दोन्ही संपली.

व्यापारी खूश झाले, आणि एलबीटी किचकट होता यात शंका नाही. पण परिणाम काय झाला? महापालिकेचा स्वतःचा सर्वात मोठा कर गेला. त्याबदल्यात राज्य सरकार कायद्याने दरमहा भरपाई देतं, दरवर्षी ८ टक्के वाढवून. पैसे येतात, पण स्वतःच्या कमाईसारखे नाही, महिन्याच्या पॉकेटमनीसारखे. शहर वाढलं, धंदा वाढला, तरी महापालिकेला मिळणारी वाढ ठरलेलीच.

देशभरच हे असंच आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२मध्ये महापालिकांच्या अर्थकारणावर अहवाल काढला. त्यानुसार देशातल्या महापालिकांचा सगळा जमा-खर्च जीडीपीच्या एक टक्क्याच्या आसपासच दशकभर अडकून आहे. ब्राझीलमध्ये हेच प्रमाण ७ टक्क्यांच्या वर, दक्षिण आफ्रिकेत ६ टक्के.

म्हणून 'मग इंदूर, सुरत कसं जमवतात?' या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. स्मार्ट सिटीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत ही दोन शहरं पुढे राहिली. पण इंदूरच्या महापालिकेने कचरा गोळा करणारी यंत्रणा आणि लोकांची शिस्त कष्टाने उभी केली होती, सुरतने १९९४च्या प्लेगनंतर आपला कारभार मुळापासून बदलला होता. महापालिका मजबूत होती तिथे स्मार्ट सिटीचे पैसे कामी आले. ती कमकुवत होती तिथे शेजारी कंपनी काढून ती मजबूत झाली नाही.

आता नवा फंड

१ फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात केंद्राने 'अर्बन चॅलेंज फंड' जाहीर केला. आकडा एक लाख कोटींचा. यात केंद्र प्रकल्पाच्या खर्चाचा जास्तीत जास्त २५ टक्के वाटा देणार, आणि किमान ५० टक्के रक्कम शहराने रोखे, बँकेचं कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभी करायची.

ओळखीचं वाटतंय ना? पुन्हा तेच विरजण, फक्त या वेळी बाहेरून पैसा आणण्याची अट आधीच घातलेली.

बाहेरून पैसा उभा करणं अशक्य नाही. पुणे महापालिकेने जून २०१७मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे रोखे विकले, आणि मुंबई शेअर बाजारात त्याचा मोठा गाजावाजा झाला. हे काम कंपनीने नव्हे, महापालिकेने केलं, तिच्या स्वतःच्या पतीवर. पण मूळ बेत एकूण २,२६४ कोटी उभारण्याचा होता. पहिल्या २०० कोटींनंतर गाडी त्या वेगाने पुढे गेली नाही, कारण योजनेचं कामच रखडलं आणि पडून राहिलेल्या पैशावर व्याज मात्र चालू. पुण्यासारख्या श्रीमंत महापालिकेची ही गत असेल तर सोलापूर, अमरावती, जळगाव यांना रोखे कोण विकत घेणार, आणि किती व्याजाने?

आता जानेवारी २०२६मध्ये नवे नगरसेवक निवडून आलेत. तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकाला तीन गोष्टी विचारता येतील. स्मार्ट सिटी कंपनीने महापालिकेकडे नेमक्या कोणत्या मालमत्ता सोपवल्या, त्यांच्या देखभालीचा वर्षाचा खर्च किती, आणि तो अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली धरला आहे. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. कंपनी असली तरी तिचे मालक राज्य सरकार आणि महापालिकाच आहेत, त्यामुळे माहिती अधिकाराचा कायदा तिलाही लागू आहे. अर्जाचं शुल्क दहा रुपये.